ड्राइव्हला टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या काँप्युटरचा बॅकअप कसा ठेवावा यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता तो वाचला. विषय चांगला घेतलात, मराठी पेपरात यावर कुणी फारसं लिहीत नाही. पण लेखाचा सगळा भर शेवटी एकाच सल्ल्यावर, की सगळं क्लाऊडला, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या काँप्युटरवर, टाका आणि निर्धास्त राहा. आता माझं सांगलीत काँप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि डेटा गेला म्हणून तोंड पाडून येणारी जी मंडळी असतात त्यातली बरीचशी अशी निर्धास्तच असतात, म्हणून म्हटलं लिहावं. लांबलंय जरा, काटछाट तुम्ही करालच.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही सगळी मंडळी आपण घरी जशी वापरतो तशी ती सिंक करतात, म्हणजे इकडच्या फोल्डरात जे होईल तेच तिकडे होतं. इकडे फाइल उडवली की तिकडे उडाली, इकडे जुन्या हिशोबावर चुकून नवा हिशोब सेव्ह केला की तिकडेही तोच. कचरापेटी असते हो, पण गूगल ड्राइव्हची ३० दिवसांनी रिकामी होते, वनड्राइव्हच्या घरगुती खात्याचीही तेवढ्याच दिवसांनी, आणि फाइल गेलीय हे आपल्याला कळतं कधी, तर पोरीच्या ॲडमिशनला स्कॅन केलेला दाखला लागतो तेव्हा. फोटोंचा घोळ आणखी वेगळा. फोन भरला म्हणून लोक गूगल फोटोजच्या ॲपमधूनच फोटो डिलीट करत सुटतात आणि मला म्हणतात, "वर आहेत ना दादा सगळे". अहो वरचेच काढले ना तुम्ही! फोनमधले काढून वरचे ठेवायचे तर त्याच ॲपमध्ये जागा मोकळी करायचं वेगळं बटण आहे, ते कुणी बघत नाही. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, मग विषय संपला.

आणि यावर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून चावीसाठी खंडणी मागणारा व्हायरस, आलं की बघायलाच नको. मे २०१७ चं वॉनाक्राय पेपरात गाजलं म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण घरगुती मशीनवर मी जे जास्त बघितलं ते म्हणजे स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं, २०१८ पासून फिरतंय. हे मेलमधून वगैरे येत नाही, पोरगं फोटोशॉपचा नाहीतर एखाद्या गेमचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायची चोरटी आवृत्ती, उतरवतं त्याच्याबरोबर येतं. प्रत्येक फाइलच्या नावाला एक भलतंच शेपूट लागतं, प्रत्येक फोल्डरात रीडमी नावाची चिठ्ठी, त्यात ९८० डॉलर मागितलेले आणि ७२ तासांत दिले तर निम्मे. ते सी ड्राइव्हवर थांबत नाही, डी, ई, आणि त्या क्षणी लावून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क, सगळं कुलूपबंद. सिंक चालू असेल तर त्या बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे वर जातात. काही जुन्या प्रकारांची चावी मोफत मिळते पण सगळ्यांची नाही. वनड्राइव्हला पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेलं असेल तर अख्खा ड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या तारखेला नेऊन ठेवता येतो, ही सोय खरंच चांगली आहे, पण फुकटच्या ५ जीबीवाल्यांनी त्या भरवशावर राहू नये.

त्या ५ जीबीचंच सांगतो. नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११ सेटअप करताना नेक्स्ट नेक्स्ट मारलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे आपोआप वनड्राइव्हला जोडले जातात, माणसाला पत्ताच नसतो. मग ५ जीबी भरतात, कोपऱ्यात लाल खूण येते, तिच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही आणि त्यानंतरचं काहीच वर गेलेलं नसतं. याच्या उलटही होतं, म्हणजे फाइल दिसते डेस्कटॉपवर पण शेजारी ढगाचं चित्र असतं, ती तुमच्या मशीनवर नाहीच, नुसती पाटी आहे. अशा मशीनवरून हार्ड डिस्कवर डेटा घ्यायचा तर आधी सगळं खाली उतरवून घ्यावं लागतं, आणि नेट नसलं की बसा हात चोळत.

गूगलचे १५ जीबी म्हणावे तर त्यात जीमेल, ड्राइव्ह, १ जून २०२१ पासून फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपपण. भरलं की मेल यायचं बंद होतं, मग माणूस घाईघाईत जे दिसेल ते उडवतो.

क्लाऊड वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. पण तुमच्या लेखात निवड कशावर करायची हेच राहून गेलं. माझ्या मते बॅकअपची सिस्टिम निवडताना एकच विचारायचं, उद्या सकाळी मशीन चालूच झालं नाही तर माझी फाइल मला परत कशी मिळणार, कोण आणणार, किती तासांत. याचं उत्तर ज्याच्याकडे आहे ती सिस्टिम चांगली, मग ती फुकटची असो नाहीतर पैशाची.

आपल्याकडे एक फार मोठा गैरसमज आहे तो आधी काढतो. "सी उडालं तरी डी राहतं" हे आम्ही दुकानवाल्यांनीच लोकांच्या डोक्यात घातलंय. फॉरमॅट मारताना फक्त सी पुसतो, त्यामुळे डी राहतं हे खरं, पण सी आणि डी या बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क मेली की दोन्ही मेले. आणि हल्लीच्या लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क, असते, ती जुन्या हार्ड डिस्कसारखी आधी टकटक करून सांगत नाही, काल संध्याकाळपर्यंत चालू असते आणि आज बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगात, दिसतच नाही. पूर्वी डिलीट झालेलं सॉफ्टवेअर लावून बऱ्यापैकी काढता यायचं, एसएसडीत ट्रिम नावाचा प्रकार असतो, डिलीट केलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते, म्हणून रिकव्हरीवाले आता सरळ हात वर करतात.

आता घरासाठी काय. पहिली पायरी बाहेरची हार्ड डिस्कच, यूएसबीची. गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न, "दादा कुठल्या कंपनीची घेऊ?" खरं सांगायचं तर जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्याच आता तीन राहिल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, बाकी सगळे स्टिकर. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या डिस्क किती मेल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते, त्यांच्याकडे तीन लाखांवर डिस्क आहेत आणि त्यातल्या वर्षाला शंभरात एक-दोन जातात, कधी हे मॉडेल वाईट कधी ते. म्हणजे कुठलीही घ्या, ती कधीतरी जाणार हे धरून चला आणि एका भारी डिस्कऐवजी दोन साध्या घ्या, जमलं तर दोन कंपन्यांच्या. त्या ऑनलाइन मिळणाऱ्या पाचशे रुपयाच्या २ टीबी पेनड्राइव्हच्या नादी मात्र लागू नका. आत चिप असते ३२ नाहीतर ६४ जीबीची आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, काँप्युटर २ टीबी दाखवतो, कॉपीही होते, नावं दिसतात सगळी आणि उघडायला गेलं की बहुतेक फाइली उघडतच नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते अख्खी जागा भरून परत वाचून बघतं, शंका आली तर ते लावून बघा.

डिस्क आणली की लोक कॉपी-पेस्ट करतात. पहिल्या महिन्यात नीट, नंतर न्यू फोल्डर, न्यू फोल्डर २, बॅकअप जुना, बॅकअप फायनल, आणि मग कुठलं खरं हे घरात कुणालाच माहीत नसतं. हे काम माणसानं करूच नये, सॉफ्टवेअरला द्यावं. विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री नावाची सोय विंडोज ८ पासून आहे, विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनेलच्या आत लपवून ठेवलीय पण आहे, चालू केली की डिस्क लावलेली असताना दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या प्रतीही ठेवते, म्हणजे मागच्या महिन्यातला हिशोब मागच्या महिन्यात होता तसा परत मिळतो. फक्त एक, ती घेते डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स वगैरे ठरलेले फोल्डर, तुमचा डी ड्राइव्ह घेत नाही, तिथला फोल्डर विंडोजच्या लायब्ररीत, म्हणजे त्या ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत, जोडून द्यावा लागतो. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर खास लक्ष द्यावं, टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच, त्याचा वेगळा फोल्डर असतो. मॅकवाल्यांना टाइम मशीन आहे, २००७ पासूनची, ती शेवटच्या दिवसाच्या तासातासाच्या प्रती, महिन्याच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या ठेवते, डिस्क भरली की सगळ्यात जुन्या काढते, घरगुती बॅकअपमध्ये इतकं सोपं काही मी बघितलं नाही. अख्ख्या मशीनची इमेज घ्यायची असेल, म्हणजे विंडोज, प्रिंटर, सॉफ्टवेअरसकट, तर व्हीम कंपनीचा एजंट नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, पण ज्याचं मशीन फक्त फोटो आणि पत्रांसाठी आहे त्याला त्याची गरज नाही, विंडोज परत टाकता येतं.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला सापडते, विजेचा झटका आला तर मशीनबरोबर तीही जाते. काहीजण दोन डिस्कचं रेड करून घेतात, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, किंवा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घेतात, छान दिसतं, पण रेडमध्ये एका डिस्कवरचं डिलीट दुसरीवर त्याच क्षणी होतं, ते डिस्क मेली तर काम थांबू नये म्हणून आहे.

दुसरी डिस्क घराबाहेर. हे सांगलीच्या माणसाला समजावून सांगायला लागू नये पण लागतं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, गावभागात खणभागात घरंच्या घरं पाण्यात, जुलै २०२१ ला परत तेच, तिकडे चिपळूणलाही त्याच वेळी. त्यानंतर दुकानात चिखलानं भरलेले सीपीयू आले त्यातल्या कितीतरी जणांकडे बॅकअपची डिस्क होती, पण काँप्युटर टेबलच्या खालच्याच ड्रॉवरमध्ये. म्हणून एक डिस्क विश्रामबागला मेहुण्याकडे, पुण्याला मुलीकडे, कुठेही, पण दुसऱ्या छपराखाली. दिवाळीला आणि मे महिन्यात जाणं-येणं होतंच, तेव्हा अदलाबदल करायची. ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो म्हणे, ज्यानं ती तारीख काढली त्याला आपल्याकडचं मार्च एंडिंग माहीत नसावं, पण हिशोबवाल्यांना खरं तर तीच तारीख सोयीची, वर्ष बंद केलं की एक प्रत डिस्कवर आणि डिस्क बाहेर. दुसऱ्याच्या घरी ठेवताना पॅनकार्ड, आधार, बँकेचे कागद आहेत म्हणून धास्ती वाटत असेल तर डिस्कला पासवर्ड लावा. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरच्या डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं कुलूप, लावता येत नाही, त्यांच्यासाठी व्हेराक्रिप्ट आहे, फुकट.

बिटलॉकरवरून आठवलं. नव्या लॅपटॉपला, विशेषतः विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ताजी टाकली की, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी चावी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. मदरबोर्ड बदलला की मशीन ती चावी मागतं आणि मालकाला ते खातं कुठलं हेच माहीत नसतं, दुकानदारानं कुठल्यातरी मेलवर उघडून दिलेलं असतं. काहीजण चावी सेव्ह करतात पण त्याच लॅपटॉपवर, म्हणजे लॉकरची किल्ली लॉकरातच. प्रिंट काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रो नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केला. मोठमोठे लोक तो पाळत नाहीत. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ ला देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सरकारी नोकरांच्या फाइली ठेवायची त्यांची जी-ड्राइव्ह नावाची यंत्रणा, ८५८ टीबी, जळून गेली आणि तिचा बाहेर बॅकअपच नव्हता, कारण काय तर डेटा फार मोठा आहे. हा म्हणजे सरकारनं आपल्या लोकांसाठी केलेला क्लाऊडच होता की! तिसरी प्रत क्लाऊडवर ठेवायची तर ठेवा, पण आधी गणित करा. ५०० जीबी फोटो-व्हिडिओ आणि अपलोड ४० एमबीपीएसचं असेल तर सव्वा दिवस सलग, मध्ये वीज गेली नाही तर, आणि परत आणताना पुन्हा तास मोजायचे. म्हणून क्लाऊडवर कागदपत्रं आणि निवडक फोटो, बाकी डिस्कवर, असं मी सांगतो. आणि खातं कुणाच्या नावावर, ओटीपी कुठल्या नंबरवर जातो हे घरातल्या आणखी एकाला माहीत हवं, वडील गेले, सिम बंद झालं, आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, फोटोंसकट.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. बॅकअप परत आणून बघायचा. गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांचं काम सांभाळणारी कंपनी, त्यांच्या माणसानं ३१ जानेवारी २०१७ ला चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, मग बॅकअप बघायला गेले तर पाच प्रकारची सोय आणि त्यातली एकही धड चालू नव्हती, बॅकअप फेल होतोय असे मेल जात होते पण ते कुणापर्यंत पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीवर निभावलं. ही सगळी रोज हेच काम करणारी हुशार मंडळी. आपल्या घरात फाइल हिस्ट्री चार महिने बंद असली तर कोण बघतंय? म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एक जुनी फाइल काढायची, आणि तीही दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची.

दुसऱ्या मशीनवर का, तर मराठीवाल्यांचं एक खास दुखणं आहे आणि ते संपादक म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं जे काही मराठी टायपिंग आहे, पत्रिका, संस्थांचे अहवाल, गावोगावच्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरातल्या फाइली, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र, ते सगळं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या फाँटमध्ये आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, नाही. फाइल अगदी सुखरूप असते, बॅकअप शंभर टक्के, पण नव्या लॅपटॉपवर उघडली की गिचमिड इंग्रजी अक्षरं. फाँट जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरात होता, ते मशीन भंगारात गेलं, पेजमेकर तर २००१ च्या ७.० आवृत्तीनंतर पुढे आलंच नाही. एका वाचनालयाचे जुने अहवाल असेच आले होते, मजकूर डोळ्यासमोर आणि वाचता एकही शब्द येईना, शेवटी फाँट कुठला हे ओळखण्यातच निम्मं काम गेलं. तेव्हा ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी फाइलबरोबर ते फाँट, सॉफ्टवेअरची सीडी किंवा इन्स्टॉलर, आणि जमेल तेवढ्याची पीडीएफ करून ठेवावी, पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो. आणि जुनं मशीन अजून चालू असेल तर आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं थोडी हातानं सुधारावी लागतात. लग्नाच्या डीव्हीडीही याच रांगेत आहेत, घरी राईट केलेल्या डिस्कचा रंगाचा थर काही वर्षांत खराब होतो आणि नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि तेव्हापासून आमच्यासारख्या दुकानांत मशीन बदलायची, फॉरमॅट मारायची गर्दी आहे. आम्ही विचारतो, "डेटा घ्यायचाय का?" समोरचा म्हणतो, "हो, डेस्कटॉपवरचं घ्या, बाकी काही नाही." आमच्यातलेही सगळे नीट विचारत नाहीत हे मान्य करतो. पुढच्या वेळी पुरवणीत जागा झाली तर लोकांना एवढं तरी सांगा, की मशीन दुकानात द्यायच्या आधी टॅलीचा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, मेलची फाइल, फाँट आणि डिजिटल सहीचं काही असेल तर ते, एका कागदावर लिहून मशीनबरोबर द्या, आणि नवीन मशीनवर हे सगळं उघडून बघेपर्यंत जुनी डिस्क दुकानदाराला पुसू देऊ नका, पिशवीत घालून घरी न्या.

आपला एक वाचक,
काँप्युटर दुरुस्तीवाला, सांगली